सायकलीवरील कोणती सोय सोडू नये?

महोत्सवाच्या स्मरणिकेत सायकलीसारख्या विषयाला जागा कशाला, असा प्रश्न एखादे सभासद करतील. त्याला आमचे पहिले उत्तर असे की, बेळगावचा आणि सायकलीचा संबंध जुना आहे व तो मानाचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असता तेथून सायकली आपले बंधू रामुअण्णा यांजकडे बेळगावास पाठवीत आणि रामुअण्णा त्या येथे विकीत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालापासून मोजतो, तो या सायकलीच्या दुकानापासून. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर हे पुढचे. किर्लोस्करवाडी तर १९१० सालची. आज किर्लोस्कर रोडवरून खरेदी करीत हिंडणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की, या नावाच्या मुळाशी दोन चाके आहेत?

दुसरे उत्तर व्यवहाराचे आहे. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर पुष्कळ घरांत सायकल पुन्हा आली. कोणी प्रकृतीसाठी घेतली, कोणी मुलाच्या वाढदिवसाला. दुकानात गेले की डोळ्यांत भरतात त्या जाड टायरांच्या, एकवीस गिअरांच्या, पुढे-मागे स्प्रिंगा लावलेल्या गाड्या. त्यांची किंमत साध्या सायकलीच्या दुपटीहून अधिक असते. आणि घरी आणून पाहावे तर मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, नीटसा स्टँड नाही, दिवा नाही, कधी कधी घंटीसुद्धा नाही. पहिल्या पावसानंतर ती गाडी गॅलरीत जाते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात. असे पैसे वाया गेलेली घरे आपल्या ओळखीत प्रत्येकाला दोन-चार तरी सांगता येतील. म्हणून सायकलीचा कोणता भाग खरोखर उपयोगाचा आणि कोणता मिरवण्याचा, याचा विचार आपल्या कुटुंबांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटले.

यासाठी आम्ही एक साधी कसोटी धरली आहे. रोज सायकल चालवणाऱ्या माणसाच्या गाडीवरून एखादी वस्तू काढून घेतली आणि ती त्याने आठ दिवसांच्या आत पुन्हा बसवून घेतली, तर ती सोय खरी. जी मोडली तरी महिनोन्महिने तशीच राहते, ती शोभा. ही कसोटी लावली की दुकानातील मांडणी बरीचशी उलटीपालटी होते.

काही सोयी मात्र अशा आहेत की, त्या काढून टाकण्याची कल्पनाही कोणी करीत नाही. त्या आहेत हेच आपण विसरलो आहोत. हवेचा टायर ही त्यांतील पहिली. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच त्याचे पेटंट घेतले होते, पण सायकलच तेव्हा नव्हती, त्यामुळे ती कल्पना मागे पडली. पुढे बेलफास्ट येथे गुरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची रबरी नळी बसवून पाहिली आणि १८८८ साली पेटंट घेतले. म्हणजे बेळगावात सायकलीचे दुकान निघाले ते हवेच्या टायरच्या जन्मवर्षीच. त्याआधी भरीव रबर, आणि त्याहीपूर्वी लोखंडी धाव! अशा चाकावर बसून येथल्या खडीच्या रस्त्यावरून शहापूर गाठणाऱ्याच्या पाठीच्या मणक्यांची दशा काय झाली असती, ते सांगायला नको.

तशीच गोष्ट फ्रीव्हीलची. मागच्या चाकाच्या आसावर बसवलेली ही दातेरी चक्री आतून एकाच दिशेने पकडते. पेडल पुढे मारले की तिच्यातील छोटी खिटी दात्यात अडकते आणि चाक फिरते. पाय थांबवला की खिटी दात्यांवरून टकटक करीत निसटते, चाक आपले फिरत राहते. उतारावर जो परिचित करकर आवाज येतो तो याचा. फ्रीव्हील नव्हते तेव्हा चाक फिरे तोवर पेडल फिरत राही. उतार लागला की पाय पेडलवरून उचलून पुढच्या फोर्कवर लावलेल्या खुंट्यांवर ठेवावे लागत, आणि पाय पुन्हा पेडलवर आणताना नडगी फुटण्याचा संभव असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील प्रचारात आले आणि उतारावर विश्रांती घेण्याचे सुख सायकलस्वाराला प्रथमच मिळाले. किमतीच्या मानाने एवढे सुख देणारा दुसरा भाग सायकलीवर नाही, असे आमचे मत आहे.

आता ज्या सोयींबद्दल खरा वाद आहे तिकडे वळू. बेळगावात राहणाऱ्याने पहिला मान मडगार्डला द्यावा. जून ते सप्टेंबर येथे जो पाऊस पडतो आणि जी तांबडी माती रस्त्यावर येते, ती ज्याने अंगावर घेतली आहे त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. ओल्या रस्त्यावरून फिरणारे चाक पाणी उचलते आणि ते चाकाच्या कडेने सरळ रेषेत भिरकावते. मागच्या चाकाचे पाणी पाठीवर जाते आणि सदऱ्यावर कमरेपासून मानेपर्यंत तांबडा पट्टा उमटतो. एवढे सर्वांना माहीत असते. पुढच्या चाकाचे काय होते याकडे मात्र लक्ष जात नाही. त्याचे पाणी व चिखल पायांवर, पेडलच्या मधल्या आसावर आणि साखळीवर बसतो. साखळीतील तेल धुऊन निघते, वाळू सांध्यांत शिरते आणि दोन पावसाळ्यांत साखळी ढिली होऊन दात्यांवरून उड्या मारू लागते. म्हणजे मडगार्ड नसण्याचा खर्च धोब्याकडेच होतो असे नाही, सायकल दुरुस्तीच्या दुकानातही होतो.

नव्या गाड्यांना वरून चिकटवण्याचे जे तोकडे प्लास्टिकचे तुकडे मिळतात, त्यांनी हे काम होत नाही. मडगार्ड चाकाच्या गोलाईबरोबर बराच खाली उतरलेला हवा, पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबराची झूल हवी, आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर अंतर हवे. नाही तर चिकण माती आत साठून चाकच अडते. सायकल घेताना मागच्या आसाजवळ, फ्रेमच्या टोकाला, स्क्रूची भोके आहेत की नाहीत हे वाकून पाहावे. मडगार्डच्या तारा आणि कॅरिअरचे पाय तेथे बसतात. पुष्कळ दिखाऊ गाड्यांना ही भोकेच नसतात, आणि मग हौसेने आणलेले कॅरिअर तारेने बांधावे लागते. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही. विचारले तर सांगतो.

कॅरिअर आणि स्टँड ही जोडी एकमेकांवाचून अपुरी आहे. पहाटे आसपासच्या खेड्यांतून दुधाचे कॅन लावून गावात येणारे गवळी, भाजीची पोती आणणारे शेतकरी, शहापूर-वडगावकडे सुताची गाठोडी व विणलेल्या साड्या ने-आण करणारी विणकर मंडळी, या सर्वांनी आपल्या गावाचा व्यवहार कैक वर्षे कॅरिअरवर वाहिला आहे. त्यांची सायकल नीट निरखून पाहावी. तिला मागच्या चाकाखाली दोन पायांचा रुंद स्टँड असतो. तो लावला की मागचे चाक जमिनीवरून उचलले जाते आणि गाडी सरळ उभी राहते. ओझे चढवताना एका हाताने गाडी सावरावी लागत नाही. आजकालचा एकपायी बाजूचा स्टँड रिकाम्या सायकलीला शोभतो. कॅरिअरवर दहा किलोची पिशवी ठेवली की हँडल वळते, गाडी कलंडते आणि बटाटे रस्त्यावर जातात. दोन पायांच्या स्टँडचा आणखी एक फायदा असा की, मागचे चाक हाताने फिरवून साखळीला तेल देता येते आणि चाकाचा आऊट किती आहे तेही दिसते. आमच्या लहानपणी सायकलीचे ‘ओव्हरऑइलिंग’ हा रविवारचा विधी असे, तो या स्टँडच्या आधाराने. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण तेल भरपूर घालायचे असल्यामुळे आपल्या लोकांनी केलेला बदल अधिक समर्पक आहे.)

नव्या चांगल्या कॅरिअरवर किती भार घालावा याचा आकडा कोरलेला असतो. बहुधा तो २५ किलो असतो. माणूस बसवण्यासाठी ते नव्हे. जुन्या काळ्या सायकलीचे जाड पट्ट्यांचे कॅरिअर डबलसीट सहज सहन करी, म्हणून नव्या हलक्या गाडीवर मुलाला मागे बसवू नये.

साखळीवरील आवरण, म्हणजे चेनकव्हर, ही सोय सोडून देण्याची चूक अलीकडे सर्रास होते. पूर्वी धोतराचा सोगा साखळीत जाऊ नये म्हणून ते लागे, आता धोतरे गेली, तेव्हा आवरण कशाला, असा युक्तिवाद ऐकू येतो. पण धोतर गेले तरी पायजमा आहे, साडी आहे, आणि सर्वांत घातक अशी ओढणी आहे. ओढणीचे टोक मागच्या चाकाच्या तारांत गुंतले की चाक ते क्षणार्धात आपल्याभोवती गुंडाळून घेते, आणि दुसरे टोक मुलीच्या गळ्याभोवती असते. यातून काय होऊ शकते ते लिहवत नाही. जुन्या लेडीज सायकलीला मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना जाळी असे. मडगार्डपासून आसापर्यंत विणलेल्या दोऱ्या किंवा बारीक तारा असत, आणि त्यामुळे पदर आत जात नसे. ही वस्तू किरकोळ दिसते. काढून टाकली तरी गाडी पळते. परंतु ज्या घरात मुलगी सायकल वापरते, तेथे गाडीला गिअर नसले तरी चालतील, जाळी मात्र असलीच पाहिजे. तयार मिळाली नाही तर सायकलवाल्याकडून बसवून घ्यावी. तीही होईतो ओढणी कमरेशी गाठ मारून बांधण्याचा नियम घरातील वडीलधाऱ्यांनी करावा.

मुलींच्या सायकलीबद्दल एवढे आग्रहाने लिहिण्याचे कारण आहे. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन व निशित प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. या योजनेने त्या वयाच्या मुलींचे माध्यमिक शाळेतील प्रवेशाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यात दिसून आले. शाळा लांब असलेल्या गावांत हा परिणाम अधिक होता. कर्नाटकातही त्याच सुमारास आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्यास सुरुवात झाली आणि बेळगाव तालुक्यातील खेड्यांतून गणवेशातल्या मुलींचे थवे सायकलीवरून येताना दिसू लागले. या मुलींना एकवीस गिअरांची गाडी मिळाली नव्हती. मिळाली ती खाली वाकवलेल्या दांड्याची, चढायला-उतरायला सोपी, मागे कॅरिअर असलेली साधी सायकल. ती त्यांना पुरली. खाली वाकवलेला दांडा ही केवळ बायकांची सोय असेही समजू नये. गुडघे दुखू लागल्यावर टांग मारणे ज्यांना जमत नाही, अशा वडील मंडळींनी निःसंकोच लेडीज सायकल घ्यावी. हॉलंडात पुष्कळ जण तसे करतात.

हॉलंडचे नाव आले आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. तेथे माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत आणि मोटार घेण्याची ऐपत नसल्यामुळे तेथील लोक सायकल चालवतात असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्या रोजच्या सायकलीवर काय असते? पूर्ण मडगार्ड, बंद चेनकव्हर, मागच्या चाकाला जाळी, कॅरिअर, घंटी, दिवा, आणि मागच्या चाकाला कायमचे बसवलेले गोल कुलूप. म्हणजे जवळजवळ आपल्या आजोबांचीच सायकल! जे आपण जुनाट म्हणून टाकू पाहतो, ते ज्यांना सायकलीचे सर्वांत अधिक कळते त्यांनी जपून ठेवले आहे.

दिव्याचा विषय आम्ही मुद्दाम सवडीने घेत आहोत. पूर्वी सायकलीला रॉकेलचा दिवा असे. वाऱ्याने तो विझे, आणि तिठ्यावरचा पोलीस नेमका तेव्हाच समोर येई. दंड भरावा लागे, नाही तर चाकाची हवा तरी सोडली जाई. त्यामुळे दिवा पोलिसासाठी लावायचा असतो अशी एक समजूत आपल्यात रुजली आणि पोलीस विचारीनासा झाल्याबरोबर दिवाही गेला. रॉकेलच्या दिव्यानंतर डायनॅमो आला होता. बाटलीच्या आकाराचा हा लहानसा जनित्र टायरच्या कुशीला टेकवला की त्याची चक्री चाकाबरोबर फिरते, आतील चुंबक फिरतो आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. ६ व्होल्ट आणि ३ वॉट हे त्याचे ठरलेले माप; त्यातील २.४ वॉट पुढच्या दिव्याला आणि ०.६ वॉट मागच्या तांबड्या दिव्याला. त्याच्या दोन खोडी होत्या. भर पावसात ओल्या टायरवरून चक्री घसरे, म्हणजे प्रकाश हवा तेव्हाच जाई; आणि गाडी थांबली की दिवा बंद. रेल्वे गेटपाशी अंधारात उभा असलेला सायकलस्वार मागून येणाऱ्या ट्रकला दिसतच नसे.

या दोन्ही खोडी आता गेल्या आहेत. पांढरा प्रकाश देणारा एलईडी दिवा निळ्या एलईडीच्या शोधामुळे शक्य झाला. त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या जपानी जन्माच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा दिवा इतक्या थोड्या विजेत एवढा प्रकाश देतो की, चार्ज करून लावण्याचा बोटाएवढा दिवाही कामाला येतो. चाकाच्या मधल्या हबमध्येच बसवलेला डायनॅमो मिळतो; तो घसरत नाही, आणि त्याच्याबरोबरचे चांगले दिवे थोडी वीज साठवून गाडी थांबल्यावरही काही मिनिटे जळत राहतात. अशा सोयी होऊनसुद्धा जर्मनीत २०१३ सालापर्यंत सायकलीला डायनॅमोच हवा असा कायदा होता. कारण उघड आहे. बॅटरीचा दिवा घरी विसरतो, चार्ज करायचा राहतो. डायनॅमो गाडीबरोबरच येतो.

आमचा आग्रह विशेषतः मागच्या दिव्यासाठी आहे. पुढचा दिवा आपल्याला खड्डा दाखवतो. मागचा दिवा आपल्याला दुसऱ्यांना दाखवतो. खड्ड्यात पडलेला बहुधा उठतो. सायंकाळी शिकवणीहून परतणारी मुले, रात्रपाळी करून येणारे कामगार, पहाटेचे दूधवाले व पेपर टाकणारी पोरे, ही सर्व मंडळी अंधारात हमरस्त्यावर असतात आणि आता आपल्याकडील हमरस्त्यांवरची वाहने पूर्वीच्या वेगाने जात नाहीत. मागे तांबडा दिवा, मडगार्डवर तांबडा परावर्तक, पेडलला पिवळे परावर्तक आणि चाकाच्या तारांत दोन, एवढे करायला एका सिनेमाच्या खर्चाहून अधिक लागत नाही. पेडलचे परावर्तक वरखाली हलतात, त्यामुळे समोर सायकल आहे हे लांबून ओळखू येते; म्हणून ते निघाले तर लगेच बसवावेत. हेल्मेटही जरूर घालावे, आणि मुलांना तर घालायला लावावेच. पण हेल्मेट पडल्यावर उपयोगी पडते, दिवा पडू देत नाही. एकच घ्यायची ऐपत असेल तर आम्ही आधी दिवा घेऊ.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुन्याचा अभिमान धरून चालणार नाही. लोखंडी सळ्यांचे ब्रेक मजबूत खरे, कोणत्याही खेड्यात दुरुस्त होणारे. पण त्यांची रबरे चकचकीत मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर टेकतात. ती रिम भिजली की मध्ये पाण्याचा पातळ पडदा येतो आणि गाडी थांबायला लागणारे अंतर कितीतरी वाढते. अशी गाडी असणाऱ्याने पावसात उतार लागण्यापूर्वीच ब्रेक हलकेच धरून रिम पुसून घ्यावी. अॅल्युमिनियमची रिम ओली असताना यापेक्षा पुष्कळ बरी धरते, आणि हबजवळच्या तबकडीवर पकडणारे डिस्क ब्रेक तर चिखलपाण्यापासून दूर असल्यामुळे आमच्या हवेत खरोखर उपयोगाचे आहेत. नव्या सायकलीवरील ज्या एका गोष्टीसाठी अधिक पैसे द्यावेत असे आम्हांला वाटते, ती ही.

आणि गिअर? तरुण मंडळी एव्हाना रुसली असतील, तेव्हा त्यांच्या आवडत्या विषयाला न्याय दिला पाहिजे. साध्या सायकलीला पुढे बहुधा ४४ दाते आणि मागे १८ दाते असतात. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास. तेव्हा एका फेऱ्यात गाडी सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला साठ फेरे मारले की तासाला वीस किलोमीटरच्या जवळपास वेग होतो. सपाट रस्त्यावर हे माप माणसाच्या पायांना अगदी बेताचे आहे. चढ लागला की साडेपाच मीटरांचा हाच घास एका फेऱ्यात पेलत नाही. गुडघे भरतात आणि माणूस उतरून गाडी ढकलू लागतो. गिअर म्हणजे हा घास लहानमोठा करण्याची युक्ती, दुसरे काही नाही.

ही युक्ती दोन प्रकारांनी साधली गेली. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मागच्या हबच्या पोटातच दातेरी चक्रे बसवून तीन वेग काढले. त्यांच्या सुप्रसिद्ध नमुन्यात मधला वेग नेहमीचा, खालचा त्याच्या तीन चतुर्थांश आणि वरचा एक तृतीयांशाने अधिक असे. सर्व यंत्र बंद डबीत, पाऊस-धूळ लागत नाही, वर्षानुवर्षे थोड्या तेलावर चालते. दुसरा प्रकार फ्रेंच मंडळींनी वाढवला. त्यात मागे लहानमोठ्या चक्र्यांची उतरंड असते आणि साखळी एकीवरून दुसरीवर ढकलली जाते. गंमत अशी की, ‘टूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध शर्यतीत असे गिअर वापरायला १९३७ सालापर्यंत बंदी होती. तोवर तेथील वीर डोंगराच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे फिरवून बसवीत, कारण चाकाच्या दुसऱ्या अंगाला वेगळ्या दात्यांची चक्री असे. हे पाहता, चढावर उतरण्यात कमीपणा मानण्याचे आपल्याला कारण नाही!

आता एकवीस गिअरांचा हिशेब पाहू. पुढे २८, ३८ व ४८ दात्यांच्या तीन चक्र्या आणि मागे १४ पासून २८ पर्यंत सात, असा एक नेहमीचा संच घ्या. पुढे २८ व मागे १४ म्हणजे दुप्पट. पुढे ४८ व मागे २४ म्हणजेही दुप्पटच. असे पुष्कळ गिअर एकमेकांची पुनरुक्ती असतात. शिवाय पुढची मोठी चक्री आणि मागचीही मोठी, किंवा दोन्ही लहान, अशी जोडी लावली तर साखळी तिरकी ताणली जाऊन लवकर झिजते. एकूण, कामाचे दहा-बाराच उरतात, आणि त्यांतले रोजच्या वापरात तीन-चार. म्हणून गिअर निरुपयोगी असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा रोजचा रस्ता चढउताराचा आहे, ज्याचे वय झाले आहे, जो रविवारी चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या तरुणांबरोबर निघतो, त्याने ते जरूर घ्यावेत. एकदा सवय झाली की तो ते सोडणार नाही. पण कॅम्पातून टिळकवाडीला आणि टिळकवाडीतून मंडईला जाणाऱ्याने ते नसल्याचे दुःख करू नये. त्याच्यासाठी एक स्वस्त उपाय आहे. मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २० किंवा २२ दात्यांचे बसवावे; साखळीत एखादी कडी वाढवावी लागेल. २२ दात्यांवर एका फेऱ्यात गाडी साडेपाचऐवजी साडेचार मीटरच जाते, वेग थोडा कमी होतो, आणि जो चढ पूर्वी चालत जावा लागे तो बसून चढता येतो. कोणताही सायकलवाला हे काम अर्ध्या तासात करून देतो.

सीटबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे की ती जितकी मऊ तितकी चांगली. कोपरापासून मनगटापर्यंतच्या प्रवासाला, म्हणजे दोन-तीन मैलांना, ते खरे असेल. लांब जाणारे मात्र ताणून बसवलेल्या जाड कातड्याच्या सीटवर जीव टाकतात. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स यांनी १८८२ साली अशा सीटचे पेटंट घेतले. ती आरंभी दगडासारखी लागते. पुढे बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे तिला हळूहळू खोलगटपणा येतो, आणि मग ती दुसऱ्या कोणाला नीट बसत नाही. पावसात मात्र तिच्यावर पिशवी घालायला विसरू नये.

राहता राहिल्या बारीकसारीक गोष्टी. घंटी पितळी किंवा पोलादी टोपीची, अंगठ्याने वाजणारी असावी. बॅटरीवर कोकलणारे भोंगे मुले चार दिवसांत बिघडवतात. आणि हवा भरण्याचा पंप घरात स्वतःचा असावा. आपल्याकडील साध्या सायकलीच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, त्यात पितळी नळीवर रबराची बोटभर बारीक नळी चढवलेली असते. पंपाच्या दाबाने ती फुगून हवा आत जाऊ देते आणि दाब गेला की घट्ट बसून बाहेरची वाट बंद करते. ही व्हॉल्व्हट्यूब उन्हाने व जुनेपणाने चिरते, हवा रात्रीतून जाते, आणि पंक्चर समजून आपण गाडी दुकानापर्यंत ढकलत नेतो. व्हॉल्व्हट्यूबचा वीतभर तुकडा घेऊन सीटखाली कागदात गुंडाळून ठेवावा. तो वर्षातून दोन-तीनदा तरी लागतो, आणि लागतो तेव्हा आसपास दुकान उघडे नसते.